शटर कुणी दुरुस्त करायचं?

घरातली एखादी वस्तू बिघडली की आमच्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "त्यात काय, मी करतो." दुसरा म्हणतो, "माणूस बोलवा." पंखा असो, नळ असो, स्कूटरचा क्लच असो, वाद तोच. बहुतेक वेळा हा वाद पैशांचा असतो आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असतं. पण काही वस्तू अशा असतात की पैशांच्या आधी दुसरा एक हिशेब मांडावा लागतो. दुकानाचं शटर ही तशी वस्तू आहे.

मिरजेत आमचं गादी-उशांचं छोटं दुकान आहे. अब्बांनी सुरू केलं, आता धाकटा भाऊ चालवतो. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळा दुपारची, म्हणून सकाळी तासभर दुकानात जाऊन बसतो. या पावसाळ्यात शटर रुसलं. आधी नुसतं करकरायचं. मग डावी बाजू वर जायची आणि उजवी मागे राहायची. शेवटी एके दिवशी धाकट्याने आकडी घालून ते वर ढकललं, हात सोडला आणि शटर धाडकन अर्ध्यापर्यंत खाली आलं. त्याचं डोकं थोडक्यात वाचलं. अल्लाहचे आभार मानले आणि लगेच वाद सुरू झाला.

धाकट्याचं म्हणणं, "भाई, मैं करतूं ना. क्या हुताय उसमें?" त्याने मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले होते. शटरवाल्याला फोन केला, तर दोन स्प्रिंगांसकट १८०० रुपये सांगितले होते. बाजारात चौकशी केली तर एक स्प्रिंग ४५० ला. "म्हणजे ९०० चा माल आणि ९०० नुसते हात लावायचे?" हा त्याचा प्रश्न होता. गादीच्या धंद्यात एका गादीमागे किती सुटतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा प्रश्न चिंधीचोरपणाचा वाटणार नाही.

मी त्याला म्हटलं, "आधी बघू तरी की बिघडलंय काय." कारण शटरमध्ये बिघडण्यासारख्या गोष्टी दोन जातीच्या असतात. एका जातीला आपण हात लावू शकतो, दुसरीला लावू नये. हे दोन्ही एकत्र कालवलं की एक तर उगाच पैसे जातात, नाहीतर बोटं जातात.

शटर आपण रोज बघतो, पण ते चालतं कसं हे क्वचितच कुणी बघतं. समोर दिसतात त्या एकमेकीत अडकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. दोन्ही बाजूंना उभे चॅनल, त्यातून पट्ट्यांची टोकं सरकतात. चौकटीच्या वर पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या आत आडवा पाईप. त्या पाईपवर पोलादी तारेच्या स्प्रिंगा बसवलेल्या. स्प्रिंगचं एक टोक पाईपला पक्कं, दुसरं फिरणाऱ्या पुलीला. शटर खाली ओढलं की पुली फिरते आणि स्प्रिंग पिळली जाते. शटर वर ढकललं की तीच पिळलेली स्प्रिंग उलगडते आणि आपल्याला मदत करते. आठ फूट रुंद, आठ फूट उंच शटरचा पत्रा चांगल्या जाडीचा असेल तर वजन सत्तर-ऐंशी किलोपर्यंत जातं. तरी साठीचे अब्बा ते एका हाताने उचलायचे. ती अब्बांची ताकद नव्हती, स्प्रिंगेची होती. आदल्या रात्री शटर खाली ओढताना त्यांनीच ती ताकद स्प्रिंगेत भरून ठेवलेली असायची.

म्हणून बंद शटरची स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते. शटर पूर्ण वर असताना ताण सगळ्यात कमी, पण शून्य नाही. बसवतानाच तिला काही आटे देऊन ठेवलेले असतात, नाहीतर शटर वर टिकलंच नसतं. कारागीर याला 'टेन्शन देणं' म्हणतात. पाईप ज्या ब्रॅकेटला आवळलेला असतो, तो क्लॅम्प कुणी पाना लावून नुसता सैल केला, तर ते सगळं टेन्शन एका क्षणात सुटतं आणि पाना हातात असलेल्या माणसाच्या मनगटावर येतं. एवढी एक गोष्ट समजली की निम्मा वाद मिटतो.

बिघाड ओळखायची एक सोपी रीत आहे. दोघांनी दोन्ही बाजू धरून शटर कमरेपर्यंत आणायचं आणि पकड न सोडता हात थोडे हलके करायचे. ते तिथेच थांबलं तर स्प्रिंगा ठीक आहेत. खाली ओढ घेत असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुटली आहे. आपोआप वर पळत असेल तर टेन्शन जास्त झालंय. शटर तिरकं जात असेल तर एका बाजूची स्प्रिंग गेली असेल, किंवा एखादी पट्टी बाजूला सरकून चॅनलला घासत असेल. नुसता आवाज येत असेल तर बहुधा चॅनलमध्ये घाण आहे.

आमच्या शटरला दोन्ही आजार होते. चॅनलमध्ये बॅटरी लावून पाहिलं तर आत नमदा तयार झाला होता. गादीचं दुकान, कापसाचे तंतू दिवसभर हवेत. वरून वर्षानुवर्षं जो येईल तो तेल ओततोय. तेल, कापूस, रस्त्याची धूळ यांचा असा घट्ट थर बसला होता की स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावा लागला. हे काम आम्ही भावांनी केलं. जुना टूथब्रश, डिझेलचा बोळा आणि एक सकाळ. खालच्या दोन पट्ट्या सरकल्या होत्या त्या लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातोडीने जागेवर आणल्या. कुलपाची पट्टी वाकली होती ती सरळ केली. मग चॅनलला पातळ तेलाचा नुसता हात फिरवला. घट्ट ग्रीस थापायचं नाही, त्याला धूळ चिकटते आणि सहा महिन्यांनी पुन्हा नमदा. एवढ्याने करकर गेली. तिरकेपण निम्मं गेलं. खर्च शंभर रुपयांच्या आत.

पण कमरेपर्यंत आणून हात हलके केले की शटर अजूनही खाली ओढ घेत होतं. म्हणजे स्प्रिंग. धाकटा म्हणाला, "इथपर्यंत केलंच आहे, तर वरचं झाकण पण उघडू." मी म्हटलं, "नक्को. इथनं पुढं उस्ताद."

माझा नियम साधा आहे. एखादं काम मला येतं का, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की ते फसलं तर काय होईल. चॅनलची सफाई फसली तर पुन्हा करू. पंख्याचं बटण फसलं तर दिवसभर उकाडा. स्प्रिंग फसली तर हात मोडेल, नाहीतर सत्तर किलोचं लोखंड खाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर येईल. व्हिडिओत पाना कुठे लावायचा ते दिसतं, पण पान्यावर किती जोर येतोय ते दिसत नाही. ते शिकायला कुणाच्या तरी शेजारी उभं राहून वर्ष-दोन वर्षं काढावी लागतात.

इथपर्यंतचं सगळं शहाणपण कुठलाही समंजस माणूस सांगेल. मला खरं लिहायचंय ते याच्या पुढचं.

शनिवारी सकाळी आठला उस्ताद आले. पन्नाशीचा माणूस, मागे जुनी मोटारसायकल, तिला बांधलेली लोखंडी शिडी आणि पानांची पिशवी. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. आणि पाठीमागे बसलेला मुलगा माझ्या नववीच्या वर्गातला. मला बघून तो शिडीमागे गेला. त्याच्या वडिलांनी मात्र खणखणीत सलाम केला आणि म्हणाले, "सर, आपकाच दुकान है क्या? मग तर एकदम फर्स्टक्लास करून देतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की धोक्याचं काम दुसऱ्याला दिलं म्हणजे धोका संपला असं होत नाही. तो फक्त आपल्या मनगटावरून दुसऱ्याच्या मनगटावर जातो. त्या मनगटाला सवय आहे, कसब आहे, त्यामुळे धोका कमी होतो हे खरं. पण उरतोच, आणि तो उरलेला धोका आपण त्याला १८०० रुपयांत देत असतो. मग त्या ९०० रुपयांकडे 'नुसते हात लावायचे' म्हणून बघता येत नाही. त्यात पेट्रोल आहे, अवजारं आहेत, ज्या दिवशी फोनच येत नाही ते दिवस आहेत, आणि ते पेरही आहे.

मी त्यांना विमा आहे का विचारलं. बँकेने काढलेला होता, प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात. चांगली योजना आहे, ज्यांनी काढली नसेल त्यांनी १८ ते ७० वयात जरूर काढावी. अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख मिळतात. अंशतः अपंगत्वाला १ लाख. पण अंशतः म्हणजे एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी. बोटाचं पेर त्या हिशेबात बसत नाही. शटरच्या कामात जातात ती बहुधा बोटंच.

आम्ही घासाघीस केली नाही. याचं श्रेय मला नको, धाकट्याने ते बोट बघितलं आणि तो गप्प बसला. मजुराला त्याची मजुरी वेळेवर द्यावी ही हदीस आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. जुम्म्याच्या बयानात वर्षातून दोनदा तरी ऐकू येते. पैसे हातावर ठेवण्यात आपण बहुतेक लोक चोख असतोही. पण काम सुरू व्हायच्या आधी, भाव ठरताना, आपण त्याच मजुरीतले तीनशे-चारशे कापून घेतलेले असतात. उशिरा दिलं तर गुन्हा आणि आधीच कमी केलं तर व्यवहार, ही आपण आपल्या सोयीने केलेली वाटणी आहे. मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलावणारा माणूस शिडीवर चढणाऱ्याशीच हुज्जत घालतो.

भाव ठरला, आता काम. शटर पूर्ण वर नेलं. उस्तादांनी ते उलगडू नये म्हणून दोराने दोन जागी बांधलं. मुलगा नेहमीच्या सवयीने खाली दोर धरायला उभा राहिला. मी त्याला तिथून बाजूला घेतलं आणि दोर आम्ही दोघा भावांनी धरला. दुकानासमोर बाक आडवा टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडवली. माणूस बोलावला म्हणून आपण खुर्चीत बसून मोबाईल बघायचा, असं कुठे लिहिलंय? शिडी धरणं, खाली कुणी येऊ नये हे बघणं, मोटारवर चालणारं शटर असेल तर मेन स्विच बंद करून त्याच्यापाशी उभं राहणं, ही घरच्या माणसाची कामं आहेत. त्याला कसब लागत नाही.

उस्तादांनी पाईप पान्याने धरला, क्लॅम्प सैल केला आणि एकेक आटा सोडायला लागले. प्रत्येक आट्याला थांबत होते. मुलगा खालून मोजत होता. "पाच. साडेपाच. सहा." जुन्या दोनपैकी एक स्प्रिंग मधोमध तुटलेली निघाली. नवी हातात घेऊन मुलाने तारेवर नख फिरवलं आणि म्हणाला, "अब्बा, ये मोटी है. एक आटा कम देव." बापाने नुसती मान हलवली आणि तसंच केलं. शटर खाली आलं, कमरेपाशी थांबवलं, तिथेच राहिलं.

मी त्या मुलाकडे बघत राहिलो. वर्गात तो शेवटच्या बाकावर. मराठीच्या वहीत निम्मी पानं कोरी. विचारलं तर मान खाली. आणि इथे तार बोटाने चाचपून ताणाचा अंदाज सांगतो, आणि तो अंदाज बरोबर निघतो.

बी.एड.ला आम्हाला 'नयी तालीम' होती. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, समितीने सांगितलं की मुलाचं शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगाभोवती गुंफलेलं असावं. जामिया मिल्लियाचा उर्दूतला हा विद्वान, पुढे राष्ट्रपती झालेला. आम्ही हे सगळं पाच मार्कांची टीप म्हणून पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि शाळेत येऊन खडू हातात घेतला. त्या शनिवारी ती टीप माझ्या दुकानासमोर उभी होती आणि आटे मोजत होती.

पण हे चित्र एवढं गोड नाही, म्हणून थांबून लिहितो. हाताच्या उद्योगातून शिकणं वेगळं आणि घरात माणूस कमी म्हणून पोराला शिडीखाली उभं करणं वेगळं. सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा वयाच्या १४ व्या वर्षी हात सोडतो. नववीतला मुलगा त्या कुंपणाच्या बाहेर. हजेरीपटावर त्याचे शनिवार लाल आहेत, आणि आता मला ते का लाल आहेत हे कळलं होतं. मी उस्तादांना म्हटलं, "आज बाराच्या आत शाळेत पाठवा." त्यांनी पाठवलंही. पण जाता जाता जे बोलले ते अजून डोक्यात आहे: "सर, ह्याला कायतरी वेगळं शिकवा. ह्ये काम नको. माझं बोट गेलं, ह्याचं जायला नको."

काय उत्तर द्यायचं? आमच्याकडची आडनावं वाचत गेलात तर ती कामांची यादी निघते. नदाफ आणि पिंजारी कापूस पिंजणारे, शिकलगार धार लावणारे, अत्तार, मणियार, तांबोळी, बागवान. याच मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरा करायला घेतला. त्यांच्या हाताला लोखंडाची जाण होती, तीच पुढे भोपळ्याच्या आणि तारेच्या कामी आली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवलं. कुरआनात हजरत दाऊदांसाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, ते स्वतः चिलखतं घडवत. नबीने लोखंडाचं काम केलं हे आपण मुलांना सांगतो. आणि दारात लोखंडाचं काम करणारा आला की त्याला 'ओ शटरवाले' म्हणतो. मग त्याने आपल्या मुलाला हे काम नको म्हटलं, तर चूक त्याची कशी?

तरीही मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही. काम सोडणं हा एक मार्ग झाला. तेच काम हातमोजे, विमा, प्रमाणपत्र आणि नीट भावासकट करणं हा दुसरा. मी त्यांना आयटीआयबद्दल सांगितलं. दहावीनंतर फिटरचा कोर्स दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. तिथे मापन, ड्रॉइंग आणि सुरक्षेचे नियम शिकवतात. घरात शिकलेलं वाया जात नाही, उलट त्याला कागद मिळतो. त्यांनी ऐकून घेतलं. "बघू, सर," म्हणाले. या 'बघू'चा अर्थ प्रत्येक शिक्षकाला माहीत असतो.

माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी वर्गात केलं. निबंधाला दरवर्षीचा 'पावसाळ्यातील एक दिवस' न देता सांगितलं, तुमच्या घरात होणारं एक काम असं लिहा की वाचणाऱ्याला ते करता आलं पाहिजे, आणि कुठे थांबायचं तेही कळलं पाहिजे. एकीने गादीला टाके कसे घालतात ते लिहिलं. एकाने बिर्याणीचा दम. त्या मुलाने दीड पान शटर लिहिलं. वहीतला त्याचा तो सगळ्यात मोठा मजकूर. 'आटे', 'पाना', 'ब्रॅकेट' हे शब्द त्याच्याकडून मला शुद्ध मिळाले, बाकीच्या ऱ्हस्व-दीर्घांवर माझी लाल शाई चालली. शेवटच्या ओळीत त्याने लिहिलं होतं की शटर वर नेऊन बांधल्याशिवाय क्लॅम्पला हात लावायचा नाही आणि खाली कुणाला उभं करायचं नाही. दुसरा भाग बापाने शिकवलेला नव्हता, तो त्या शनिवारचा होता.

तेव्हा घरातल्या त्या दोन पक्षांना माझं सांगणं एवढंच. सफाई, तेल, सरकलेली पट्टी, कुलूप ही कामं जरूर स्वतः करा. मुलांना, मुलींनाही, सोबत घ्या. हाताला काळं लागलं म्हणून कुणाची इज्जत कमी होत नाही. स्प्रिंग, शाफ्ट, मोटार यांना माणूस बोलवा. बोलावल्यावर शिडी धरा, खालची जागा मोकळी ठेवा, त्याने सांगितलेला भाव वाजवी असेल तर त्यात काटछाट करू नका. आणि त्याच्यासोबत शाळेच्या वयाचं पोरगं आलं असेल तर त्याला विचारा, आज शाळा किती वाजता आहे.

उस्तादांनी अजून हो म्हटलेलं नाही. आयटीआयच्या प्रवेशाला अजून दीड वर्ष आहे. गेल्या तीन शनिवारी हजेरीपटावर लाल खूण नाही.